अत्तर लावून गुहेत

निवृत्त माणसानं वाचू नये. नोकरीत असताना वाचलेलं विसरायला निदान कामं तरी असतात. माझं कॉलेज सुटलं, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे सुटले, आणि रिकाम्या झालेल्या डोक्यात अमेरिकेतलं एक गाव मुक्कामाला आलं. बेंटनव्हिल, राज्य आर्कान्सा.

हे वॉलमार्टवाल्यांचं गाव. त्या घराण्यातल्या अ‍ॅलिस वॉल्टन यांनी तिथे २०११ साली क्रिस्टल ब्रिजेस नावाचं मोठं कलासंग्रहालय उघडलं. आसपासच्या शाळांनी सहलीसाठी इतके अर्ज केले, की आधी कुणाला न्यायचं याची सोडत काढावी लागली. सोडत निघाल्यावर संशोधकांचं फावलं. एकाच तऱ्हेची मुलं, काही चित्रं पाहून आलेली, काही अजून रांगेत. १२३ शाळा, जवळजवळ ११ हजार पोरं. सहलीनंतर काही आठवड्यांनी त्यांना नाना प्रश्न विचारले. निष्कर्ष असा, की तासभर चित्रं पाहून आलेल्या मुलांना दुसऱ्या काळातल्या माणसांना काय वाटत असेल याची कल्पना जरा बरी करता येत होती आणि न पटणाऱ्या माणसाला सहन करण्याची तयारीही त्यांच्यात जरा जास्त होती. फरक लहान होता. खेड्यांतून आलेल्या मुलांत मात्र तो मोठा दिसला.

हे शेवटचं वाक्य वाचून मी खुर्चीतून उठलोच. खेडी म्हटल्यावर आपल्या वऱ्हाडाचा हात कोण धरणार? बेंटनव्हिलला जे 'जरा' झालं ते अमरावती-अकोल्याला भरघोस होणार, हे मी चहा थंड व्हायच्या आत सिद्ध करून टाकलं. प्रयोगासाठी माणूसही तयार होता. माझे साडभाऊ.

साडभाऊ अकोल्याचे. सरकी-ढेपेचा धंदा. आमच्यात बोलणं होतं, पण ते लग्नाच्या मांडवात दोन पाहुण्यांत होतं तेवढंच. कारण बंगई. आमचे सासरे अकोल्याच्या जुन्या शहरात राहत. ओसरीत सागवानाची रुंद बंगई, म्हणजे झोपाळा, तिला पितळी कड्या. एकदा त्या बंगईवर बसून सासरे मला म्हणाले होते, "जवाईबापू, हे तुमचंच समजा." ते बंगईबद्दल म्हणाले की माझ्यासमोरच्या पोह्यांच्या बशीबद्दल, यावर दोन मतं आहेत. एक माझं आणि दुसरं उरलेल्या सगळ्यांचं. पुढे सासरे गेले, घर विकलं, आणि बंगई साडभाऊंच्या टेम्पोतून गेली. टेम्पो त्यांचाच होता. तेव्हापासून हा गृहस्थ माणुसकीला पारखा आहे अशी माझी ठाम समजूत होती, आणि आता त्यावरचा उपाय अमेरिकेतून छापून आला होता.

पहिला डोस अकोल्यातच दिला. तिथल्या एका सभागृहात चित्रप्रदर्शन लागलं होतं. आम्ही अकोल्याला गेलो आणि साडभाऊंना आणि मोठ्या मेहुणीला, म्हणजे ताईंना, आग्रह करून घेऊन गेलो. एका चित्रासमोर किमान दहा मिनिटं उभं राहायचं, असा नियम मी जाहीर केला. कापूस वेचणाऱ्या बायांचं एक मोठं तैलचित्र होतं. त्यातल्या एकीच्या चेहऱ्यावर मला युगायुगांची वेदना दिसली आणि मी ती सगळ्यांना दाखवू लागलो. नियम मीच केलेला असल्यामुळे डोळे मिटून-उघडून, मान तिरकी करून दहा मिनिटं उभा राहिलो. शेवटी दारावरचा रखवालदार खुर्ची घेऊन आला.

"बसा सायेब. बीपी हाये का?"

साडभाऊ चित्राकडे हिशेबी नजरेनं पाहत होते. "ऊन सकायचं दाखवलं यानं. अन् ओटी पाय केवढी भरली! एवढा कापूस सकाई सकाई वेचते कोन? अशी बाई भेटली तं मले सांगजा."

ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग चित्राच्या अगदी जवळ गेल्या. "हिच्या बोटाले काईच लागलं नाई," त्या म्हणाल्या. "वायल्या बोंडाचं टोक नखाजोळ लागते. तथीच लागते दरसाल. रात्री भाकर चुरतानी झोंबते." आणि नकळत त्यांनी स्वतःचं बोट अंगठ्यानं चोळलं. लहानपणी दोघी बहिणी सुटीत मामाच्या वावरात वेचायला जात, पहिल्या वेच्याआधी सीतादहीचा दहीभात वावरात ठेवत, आणि वेचणीच्या पैशातूनच त्यांच्या शाळेच्या पाट्या येत, हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या बायकोबद्दल मला ते ठाऊक नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं. आमच्याकडे वेदना वगैरे मी बघतो.

प्रयोग यशस्वी झाला होता. पण तो भलत्याच माणसावर झाला. साडभाऊ कोरडे ते कोरडेच. डोस वाढवणं भाग होतं, आणि मोठा डोस अमरावतीच्या उत्तरेला तयार होता.

मोर्शीच्या पुढे सातपुडा चढू लागतो. तिथे अमरावती आणि बैतूल जिल्ह्यांच्या हद्दीवर, धारूळ गावाजवळच्या डोंगरात, अंबादेवीच्या आसपास चित्रांच्या गुहा आहेत. अमरावतीचे विजय इंगोले आणि त्यांच्या निसर्गप्रेमी मित्रांना २००७ च्या जानेवारीत त्या सापडल्या. मग शोधत गेले तशा सापडत गेल्या, शंभराच्या वर. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी गेरूनं, पांढऱ्या मातीनं कातळावर हत्ती, बैल, वाघ आणि माणसं काढून ठेवलेली. आपण इकडे अंबानगरीत बसून मुंबई-पुण्याच्या कलादालनांचे गोडवे गातो आणि डोंगराच्या पोटात हे. (हे वाक्य मी गाडीत म्हटलं. बायको म्हणाली, "तुम्हीच गाता.")

असल्या गुहा हुडकायला डोळे वेगळे लागतात. विष्णु श्रीधर वाकणकरांना भीमबेटका दिसलं ते १९५७ साली, आगगाडीच्या खिडकीतून. नुसते खडक पाहून त्यांना वाटलं, इथे काहीतरी असणार, आणि ते उतरून तिकडे गेले. त्याच खिडकीत मी असतो तर डबा उघडला असता. स्पेनमधल्या आल्तामिराची गंमत त्याहून न्यारी. तिथे सावतुओला नावाचे गृहस्थ खाली मान घालून गुहेच्या जमिनीत दगडी हत्यारं शोधत होते. बरोबरच्या लहानग्या मारियानं सहज वर पाहिलं, तर छतभर बैल. हे १८७९ साली. विद्वानांनी काय करावं? ही चित्रं हल्ली कुणाकडून तरी काढून घेतली असणार, असा ठपका त्या बापावर ठेवला. आदिमानवाला इतकं चांगलं चित्र काढता येईल हे त्यांना पटेना. १९०२ साली त्यांच्यातल्या एका मोठ्या विद्वानानं छापील माफी मागितली, पण सावतुओला तोवर मरून गेले होते. हे सांगताना माझा आवाज भरून आला. माझ्या शेजारी साडभाऊ बसले होते आणि त्यांना वारा लागत होता म्हणून त्यांनी मला काच वर करायला सांगितली होती. मी ती केली नव्हती.

जानेवारीचा महिना. रस्त्याच्या दोन्ही अंगांना संत्र्याचे बगीचे. मी भवभूती काढला. भवभूती आपल्याकडचा, विदर्भातल्या पद्मपूरचा. त्याच्या 'उत्तररामचरिता'चा पहिला अंक म्हणजे साक्षात चित्रदर्शन. राज्याभिषेकानंतर लक्ष्मण राम-सीतेला त्यांच्याच आयुष्यावरची चित्रं दाखवतो. शूर्पणखा पाहून सीता पुन्हा घाबरते, सीताहरणाचे दिवस पाहून रामाच्या डोळ्यांतून धारा लागतात, सीतेला ते अरण्य आणि ती गंगा पुन्हा पाहावीशी वाटते. बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी आपल्या माणसानं लिहून ठेवलंय, म्हटलं, की चित्र पाहून माणूस कसा पाझरतो ते.

"मंग?" मागून ताईंनी विचारलं.

"मग सीता दमून रामाच्या हातावर डोकं ठेवून झोपते."

"अन् मंग?"

इथे मी थांबायला हवं होतं. पण शिकवायची खोड. "मग दुर्मुख येऊन लोकापवाद सांगतो, आणि राम तिला वनात पाठवतो. तिनं वन पाहायची इच्छा केलीच होती, तेच निमित्त करून."

गाडीत शांतता पसरली.

"त्याच अंकात?" बायकोनं विचारलं.

"त्याच."

"म्हंजे चित्र पाहून रडला," ताई सावकाश म्हणाल्या, "अन् तेच डोये पुसून गरवारशा बायकोले धाडलं. मंग चित्राचा उपेग काय झाला, जवाईबापू?"

आर्कान्साच्या अभ्यासातही फरक 'जरा'च आहे, असं मी पुटपुटलो. साडभाऊंनी माझ्यावरून हात घालून काच स्वतःच वर केली.

गावातला एक पोरगा वाट दाखवायला बरोबर घेतला. मी ठेवणीतला कुडता घातला होता. कलेच्या दर्शनाला जायचं म्हणून कानामागे, मनगटांवर आणि थोडं मिशीलाही हिना अत्तर लावलं होतं. पोरानं एकदोनदा हवेत वास घेतला.

"काकाजी, इत्तर लगा के आये क्या?"

"हां," मी प्रसन्नपणे म्हटलं. डोंगरातल्या पोरालाही सुगंधाची जाण आहे याची मनात नोंद केली. तो काही बोलला नाही. पण त्यानंतर तो माझ्यापासून पंधरावीस पावलं पुढे चालू लागला.

सागाची पानं तुडवत, दम खात आम्ही एका कपारीपाशी पोचलो. वर कातळ पुढे झुकलेला, खाली ऐसपैस सावली, आणि भिंतीवर ती चित्रं. पहिल्यांदा काहीच दिसत नाही, नुसते तांबूस डाग. मग डोळा सरावतो आणि एका डागाला शिंगं फुटतात. मला गेंडा दिसला.

"बैल हाये," साडभाऊ म्हणाले.

"गेंडा आहे, भाऊसाहेब. पूर्वी या भागात—"

"वशिंड पाय ना त्याचं! वशिंडाचा गेंडा पायला काय तुमी?"

"बकरा है," पोरगा लांबून म्हणाला.

मी सतरंजी अंथरू दिली नाही. उभं राहूनच पाहायचं, असं सांगून कातळाकडे पाठ केली आणि हात पसरून बोलायला लागलो. हे चित्र काढणारा आपल्यासारखाच माणूस होता, त्यालाही भूक होती, भीती होती, त्याच्याशी आपलं नातं... नात्यापर्यंत पोचलो आणि कपारीच्या वरच्या अंगानं एक गुणगुण सुरू झाली. मला वाटलं, घुमारा. माझ्या आवाजाचा. तो तसा घुमतोही.

"काकाजी, लेट जाओ! हिलना मत! मोहोळ उठा है!"

आग्या मोहोळाबद्दल वाचलेलं सगळं मला एकाच क्षणी आठवलं, त्यात अत्तराचाही उल्लेख होता. बायका कपारीच्या आतल्या कोपऱ्यात केव्हाच शिरल्या होत्या. मी मात्र हात पसरून तसाच उभा. कुणीतरी मागून कुडत्याला धरून मला खाली ओढलं, आडवं पाडलं आणि वर सतरंजी टाकली. सतरंजीखाली अंधार, धूळ, हिना आणि साडभाऊ.

किती वेळ गेला कोण जाणे. आम्ही पोटावर पालथे, नाकं भिंतीला जवळजवळ टेकलेली. सतरंजीच्या फटीतून उजेडाची एक पट्टी भिंतीच्या अगदी तळाशी पडत होती. तिथे, जमिनीपासून वीतभर उंचीवर, आणखी चित्रं होती. उभ्यानं ती दिसलीच नसती. बोटाएवढी माणसं, काडीचे हातपाय, ओळीनं चाललेली. काढणारा आमच्यासारखाच पालथा पडून, कोपरावर भार देऊन काढत असणार. माझं कोपर जिथे रुतत होतं तिथेच त्याचं रुतलं असेल. (इतक्या वर्षांत माती चढून जमीन वर आली असेल, तो बापडा खुशाल उभ्यानं काढत असेल, ही शंका मला घरी आल्यावर सुचली. तेव्हा सुचली नाही ते बरं झालं.)

"सर," साडभाऊ कुजबुजले, "मागचा मानूस पाय. त्याचा पाय पाय."

ओळीतल्या शेवटच्या माणसाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड होता, आणि पुढच्यानं हात मागे केला होता. धरायला की ओढायला, कळत नव्हतं.

"मामाजी शेवटी असेच चालत," साडभाऊ म्हणाले. मामाजी म्हणजे सासरे. "मांग राहो. मी हात देओ तं झिडकारत." मग बराच वेळ ते बोलले नाहीत. गुणगुण वर घिरट्या घालत होती. "पलंगावर झोप येत नोती त्यायले. आडवं झालं का दम लागे. रात-रात बंगईवर बसून काढे. मी खाली बसून पायानं झोका देओ. थांबलो का जागे होत."

त्या महिन्यांत मी अमरावतीत विद्यापीठाचे पेपर तपासत होतो. दर पेपरामागे मिळणाऱ्या पैशांचा हिशेब मला अजून आठवतो.

घशात काहीतरी आलं. शेजारच्या माणसाला काही म्हणावं असं पहिल्यांदाच वाटलं. म्हणायला मी तोंड उघडलं, आणि सतरंजीत शिरलेली एक माशी नेमकी माझ्या खालच्या ओठावर बसली. दुसरी मिशीच्या हिन्यावर.

मोहोळ शांत झाल्यावर मला बाहेर काढलं तेव्हा माझा ओठ माझ्या आधी बाहेर आला होता. साडभाऊंनी काडेपेटीच्या कडेनं काटे काढले, कमरेची डबी उघडली, तंबाखूचा चुना बोटावर घेतला आणि माझ्या ओठावर, नाकावर, कपाळावर ठिपके दिले. कातळावर पांढरा रंग, माझ्यावरही तोच. पोरगा हसत हसत म्हणाला, आता काकाजींनाही इथेच उभं करून ठेवा. मला बोलता येत नव्हतं, आणि त्यामुळे पुढचा तासभर सगळ्यांनी चित्रं फार मन लावून पाहिली. ताईंना एक हरीण सापडलं. बायकोला एका हत्तीच्या पोटात लहान हत्ती दिसला. तो खरंच होता की कातळाची भेग, यावर दोघी बहिणी आनंदानं भांडल्या. त्या बैलाचा गेंडा करायला मी असमर्थ होतो, त्यामुळे तो बैलच राहिला.

खाली ओळखीच्या एका बगीच्यात रोडग्यांचा बेत होता. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे तुपात बुडवून, वांग्याची भाजी, वरण. मला फक्त वरणाचं पाणी गेलं. समोर साडभाऊ रोडगा फोडत होते. ओळीतला शेवटचा माणूस माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. मी ठरवलं, आत्ताच सांगून टाकायचं. हात जोडले, सगळ्यांसमोर मान लववली आणि स्वच्छ मनानं म्हणालो, "भाऊसाहेब, बंगई तुमचीच."

सुजलेल्या तोंडातून काय बाहेर पडलं ते मला ठाऊक नाही. 'बंगई' एवढंच ऐकू आलं असावं, कारण साडभाऊंचा घास हातात राहिला.

"घ्या! तोंड सुजून डफ झालं, तरी यायची बंगई सुटत नाई!"

मी जोरजोरात मान हलवली, छातीवर हात ठेवला, त्यांच्याकडे बोट केलं. छातीवरचा हात त्यांनी 'माझी' असा घेतला आणि बोट 'तुम्ही चोरली' असं. ते ताटावरून उठले. ताई हसू दाबायला पदर तोंडात धरून बसल्या. बायकोनं मध्यस्थी करायला साफ नकार दिला. तिला मी काय म्हणालो ते बरोबर कळलं होतं, हे तिनं मला घरी सांगितलं. "पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुमचं बोलणं कुणाला कळलं नाही," ती म्हणाली, "ते मला तोडावंसं वाटेना." त्याच रात्री ताईंचा फोन आला. साडभाऊंच्या मानेवर आणि पाठीवर डंख होते. सतरंजी मोठी नव्हती, आणि त्यातली बरीचशी माझ्यावर होती.

ओठ उतरायला वेळ लागला. तो उतरला तेव्हा मी अकोल्याला फोन लावायच्या तयारीत होतो. एवढ्यात खाली हॉर्न वाजला. साडभाऊंचा टेम्पो. आत गोणपाटात गुंडाळलेली बंगई, सरकीच्या पोत्यांना टेकवलेली. ड्रायव्हर आणि वॉचमननं मिळून ती तिसऱ्या मजल्यावर चढवली. लिफ्टमध्ये ती मावली नाही आणि आमच्या फ्लॅटमध्येही नीट मावत नव्हती. आमच्या स्लॅबला हूक नाही, आणि सोसायटीचे चिटणीस हूक ठोकू देणार नाहीत. सध्या ती पॅसेजमध्ये भिंतीला उभी आहे. तिच्यावर बसता येत नाही, तिच्यामागून बाथरूमला जाता येतं.

"भाडं सरांकडून घे म्हनले सायेब," ड्रायव्हर म्हणाला.

मी भाडं दिलं. गोणपाट सोडलं. पाट होता, कठडा होता, मामाजींच्या हातानं गुळगुळीत झालेली बाजू होती. पितळी कड्या नव्हत्या. मी गोणपाट झटकून पाहिलं, टेम्पोत डोकावून पाहिलं. मग फोन लावला आणि आता पूर्ण बऱ्या झालेल्या तोंडानं, शब्दन् शब्द सुटा करून विचारलं, "भाऊसाहेब, बंगई पोचली. पण कड्या?"

"तुमाले मामाजी बंगई म्हनले होते ना?" पलीकडून आवाज आला. "कड्यायचं काई म्हनले होते का?"